तुमचे ते वाक्य मुलांनी ऐकले आहे

प्रश्न : मी एका फुटबॉल क्लबमध्ये पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या संघाचा प्रशिक्षक आहे. ज्याचा खेळ पाहत आमची मुले मोठी झाली, अशा एका व्यावसायिक खेळाडूने आपण समलिंगी असल्याचे नुकतेच जाहीर केले. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये दुसरा विषयच नव्हता. काहींनी विनोद केले, काहींना कौतुक वाटले आणि दोघे तर म्हणाले की असा मुलगा आपल्या संघात असता तर आम्ही त्याच्यासमोर कपडे बदलले नसते. वाद वाढू नये म्हणून मी एवढेच म्हणालो, ‘‘खेळाडूने खेळावे, शयनगृहातल्या गोष्टी घरात ठेवाव्यात. चला, मैदानावर.’’ सराव संपल्यावर माझी सहायक प्रशिक्षक, जी वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, मला म्हणाली, ‘‘सर, आज सगळ्यात जास्त लागले असेल ते तुमचे वाक्य.’’ इकडे एका पालकांचा निरोप आला की हा विषय मैदानावर येऊ देऊ नका. माझ्या मनात कोणाबद्दल आकस नाही. पण एखाद्याच्या खासगी गोष्टीचा एवढा गाजावाजा कशासाठी, आणि त्याला ‘धाडसी’ म्हणून डोक्यावर घेण्यासारखे त्यात काय आहे, हे मला खरोखर समजत नाही. माझे चुकले कुठे? आता मी मुलांशी बोलावे, की विषय आपोआप मागे पडू द्यावा?
— एक प्रशिक्षक

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या मनात आकस नाही, हे मी मान्य करते; तो असता तर तुम्ही हे पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडला नसता. तरीही तुमच्या सहायक प्रशिक्षकाचे म्हणणे मला पटते. मुलांचे विनोद कितीही बोचरे असले तरी ते बरोबरीच्यांचे असतात, त्यांना उलट उत्तर देता येते किंवा हसून सोडून देता येते. तुमचे वाक्य मात्र संघ निवडणाऱ्या माणसाच्या तोंडून आले होते. शनिवारी अकरा जणांत कोण असेल हे ज्याच्या हातात आहे, त्याने एका वाक्यात दोन गोष्टी सांगून टाकल्या : ही लाजिरवाणी बाब आहे, आणि ती माझ्यापर्यंत आणू नका. तुमच्या मनात तसे नव्हते. पण ऐकणाऱ्याला तुमचे मन दिसत नाही, त्याला वाक्यच ऐकू येते.

आता तुमच्या मूळ शंकेकडे वळते, कारण ती प्रामाणिक आहे आणि अशी बातमी आली की असंख्य सज्जन माणसे नेमके हेच विचारतात. खासगी गोष्ट जगाला कशाला सांगायची? फुटबॉलच्या मैदानावर एरवी काय चालते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. पत्नीला दिवस गेले आहेत हे सांगण्यासाठी गोल केल्यावर जर्सीखाली चेंडू घालून धावणारे खेळाडू असतात, बोटातल्या अंगठीचे चुंबन घेणारे असतात, करंडक मिळाल्यावर बायकामुलांना मैदानावर बोलावून छायाचित्र काढून घेणारे असतात. त्यांच्या लग्नांच्या बातम्या होतात, मुलांच्या नावांच्या बातम्या होतात. यांपैकी कोणाविषयीही ‘शयनगृहातल्या गोष्टी घरात ठेव’ असे आपण म्हणत नाही, उलट किती कुटुंबवत्सल माणूस आहे म्हणून आपल्याला तो अधिक आवडू लागतो. या खेळाडूने तरी वेगळे काय सांगितले? त्याच्या बोलण्यात शयनगृह कुठेच नव्हते. आपले प्रेम कोणावर जडते आणि घरी आपली वाट पाहणारे माणूस कोण असू शकते, एवढेच त्याने सांगितले. शयनगृह तिथे आणले ते आपण.

न सांगणे म्हणजे गप्प राहणे, असेही नसते. गप्प राहण्याची सोय ज्याला कोणी काही विचारत नाही त्याला असते. आणि व्यावसायिक खेळाडूला तर सगळेच सगळे विचारतात. सहकारी विचारतात, वार्ताहर विचारतात, संघाच्या सहलीला कोणाला घेऊन येणार हे व्यवस्थापक विचारतो. प्रत्येक वेळी उत्तर रचावे लागते आणि रचलेले उत्तर पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवावे लागते. अमेरिकेचा फुटबॉलपटू रॉबी रॉजर्स याने फेब्रुवारी 2013 मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले आणि त्याच दमात खेळातून बाजूला होत असल्याचेही सांगून टाकले. वय अवघे पंचवीस. हे सत्य आणि हा खेळ एका आयुष्यात एकत्र नांदणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. काही महिन्यांतच तो लॉस एंजेलिस गॅलेक्सी या क्लबकडून पुन्हा मैदानावर उतरला, म्हणजे हिशेब चुकीचा ठरला. पण तो करण्याची पाळी त्याच्यावर का यावी? जर्मनीकडून 52 सामने खेळलेला थॉमस हिट्झल्स्पर्गर निवृत्त होईपर्यंत थांबला आणि जानेवारी 2014 मध्ये बोलला. चेक प्रजासत्ताकाचा याकुब यांक्तो 2023 मध्ये खेळत असतानाच पुढे आला आणि आता मला लपून राहायचे नाही, असे त्याने चित्रफितीत सांगितले. त्यांना प्रसिद्धी हवी होती असे म्हणायचे असेल, तर ज्यांच्याकडे ती आधीच होती त्यांनी ती मिळवण्याचा इतका महागडा मार्ग का निवडला, याचेही उत्तर द्यावे लागेल.

महागडा हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. टेनिसपटू बिली जीन किंग हिचे समलिंगी संबंध 1981 मध्ये एका खटल्यामुळे उघड झाले, तिच्या इच्छेने नव्हे, आणि तिच्याच सांगण्यानुसार चोवीस तासांत तिचे जाहिरातींचे जवळजवळ सगळे करार गेले. इंग्लंडमधला जस्टिन फॅशनू हा 1981 मध्ये दहा लाख पौंडांना विकत घेतला गेलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. 1990 मध्ये त्याने आपण समलिंगी असल्याचे वृत्तपत्रातून जाहीर केले, तेव्हा स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू असलेल्या त्याच्या सख्ख्या भावाने त्याच्याशी संबंध नाकारणारे जाहीर वक्तव्य केले. फॅशनूने 1998 मध्ये आयुष्य संपवले. त्या शेवटामागे इतरही कारणे होती, त्यामुळे तो मृत्यू सरळ या एका गोष्टीच्या खात्यावर मांडणे योग्य नाही, जरी तसे अनेकदा केले जाते. पण एक आकडा निर्विवाद आहे. फॅशनूनंतर ब्रिटनमधल्या पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना हे जाहीरपणे सांगणारा पुढचा खेळाडू यायला मे 2022 उजाडला. म्हणजे एकतीस वर्षांहून अधिक काळ. त्या काळात त्या देशात हजारो व्यावसायिक फुटबॉलपटू खेळून गेले. त्यांच्यात एकही समलिंगी नव्हता, असे तुम्हाला वाटते का? ‘धाडस’ हा शब्द अतिशयोक्त वाटला, तर या एकतीस वर्षांच्या शांततेसमोर तो ठेवून पाहा.

2022 मध्ये बोललेला तो खेळाडू म्हणजे ब्लॅकपूल क्लबचा जेक डॅनियल्स. तेव्हा त्याचे वय होते सतरा, म्हणजे तुमच्या संघातल्या मुलांएवढे. त्याने मुलाखतीत सांगितलेली एक गोष्ट प्रशिक्षक म्हणून तुम्हाला नक्की भावेल : आई आणि बहिणीला सांगून टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी झालेल्या सामन्यात त्याने 4 गोल केले. घरी सांगितले की प्रत्येकाच्या पायात जादू येते असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण मैदानावर लागणारे अवधान दुसरीकडे खर्च होत असेल तर त्याचा खेळावर काय परिणाम होतो, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी लोक काय म्हणतात, याचा एक ठरावीक क्रमच दिसतो. आधी अभिनंदनाचा पूर येतो, मग किळसवाण्या शेरेबाजीचा, मग ‘आम्हाला काय त्याचे’ म्हणणाऱ्यांचा. आणि काही आठवड्यांनी सगळे ओसरते. अभिनंदन करणारे बहुधा मनापासून करतात, तरी मला त्या पुराची थोडी धास्तीच वाटते, कारण तो जाहीर असतो आणि जाहीर बोलणे सोपे असते. अमेरिकन फुटबॉलमधल्या लास व्हेगास रेडर्स या संघाच्या कार्ल नॅसिबने जून 2021 मध्ये आपण समलिंगी असल्याचे सांगितले, तेव्हा त्याचे मुख्य प्रशिक्षक जॉन ग्रुडन यांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ग्रुडन यांचे जुने ईमेल उजेडात आले, ज्यांत इतर अनेक आक्षेपार्ह गोष्टींबरोबर समलिंगी लोकांविषयीची हीन भाषाही होती, आणि त्यांना पद सोडावे लागले. नॅसिबने त्या आठवड्यात एका दिवसाची सुटी मागून घेतली. कॅमेऱ्यासमोरचे वाक्य आणि बंद दाराआडचे वाक्य यांत खेळाडूला दुसरे अधिक खरे वाटले तर त्यात नवल नाही.

उलट उदाहरणही सांगते, कारण ते तुमच्या ड्रेसिंग रूमच्या अधिक जवळचे आहे. वेल्सचा रग्बीपटू गॅरेथ थॉमस याने 2009 मध्ये जगाला सांगितले, पण त्याच्या तीन वर्षे आधी, 2006 मध्ये, आतून पार कोलमडला असताना त्याने पहिल्यांदा मन मोकळे केले ते संघाच्या प्रशिक्षकांपाशी, स्कॉट जॉन्सन यांच्यापाशी. हे ओझे तू एकट्याने वाहू नकोस, असे म्हणून जॉन्सन यांनी संघातल्या दोन विश्वासू सहकाऱ्यांना सांगितले; आणि ते दोघे थॉमसला भेटले तेव्हा त्यांनी फक्त पाठ थोपटली आणि आधी का नाही सांगितलेस, असे विचारले. वेल्सकडून 100 आंतरराष्ट्रीय सामने, 2005 च्या दौऱ्यावर ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचे कर्णधारपद, हे सगळे त्याने जगाला सांगण्याआधीच करून ठेवले होते. तेव्हा ‘असा मुलगा असता तर कपडे बदलले नसते’ म्हणणाऱ्या तुमच्या त्या दोघांना हे ऐकवायला हरकत नाही की थॉमसचे सहकारी कित्येक वर्षे त्याच्याच शेजारी कपडे बदलत होते, आणि त्यांचे काहीही बिघडले नाही. जाहीर केल्यावर त्याच्या वाट्याला वाईटही आले; 2010 मध्ये इंग्लंडमधल्या कॅसलफर्डच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याच्याविरुद्ध गलिच्छ घोषणा दिल्या आणि त्याबद्दल यजमान क्लबला दंड झाला. पण परक्या स्टँडमधल्या घोषणा माणूस पचवू शकतो, जर आपल्या बाकावर त्याला जागा असेल.

जवळच्यांचे बोलणे दूरच्यांच्या बोलण्यापेक्षा किती जड असते, हे द्युती चंदच्या बाबतीत स्पष्ट दिसले. मे 2019 मध्ये या धावपटूने आपले एका तरुणीवर प्रेम असल्याचे सांगितले, आणि असे जाहीरपणे सांगणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली. देशोदेशींच्या अनोळखी लोकांनी तिची पाठराखण केली. विरोध झाला तो घरातून आणि गावातून, आणि सख्खी बहीण आपल्यावर दबाव आणत असल्याचे तिला उघडपणे बोलावे लागले. दोन महिन्यांनी तिने नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 100 मीटरचे सुवर्णपदक 11.32 सेकंदांत जिंकले. ज्या खेळाडूविषयी तुमच्या मुलांत वाद झाला, त्याच्यापर्यंत तुमचे वाक्य कधीही पोहोचणार नाही. ते पोहोचले आहे त्या खोलीतल्या मुलांपर्यंत. त्यांच्यात कोणी समलिंगी आहे की नाही हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि कदाचित त्या मुलालाही अजून पुरते उमगलेले नसेल. एखाद्याचा भाऊ असेल, एखाद्याची मावशी असेल. ते सगळे तुमच्याकडे बघत होते.

म्हणून विषय आपोआप मागे पडू देऊ नका. त्याचबरोबर त्याचे व्याख्यानही करू नका. पाठिंबा दाखवणाऱ्या बुटांच्या सप्तरंगी नाड्या, फलक, पाहुणे वक्ते यांची आत्ता गरज नाही. त्या गोष्टी वाईट नाहीत, पण तुमच्या त्या वाक्यावर त्यांचा उतारा चालणार नाही. पुढच्या सरावाआधी सगळे जमलेले असताना, उभ्या उभ्या, नेहमीच्या आवाजात बोला. शब्द तुमचे असू देत, आशय साधारण असा ठेवा : ‘‘त्या दिवशी मी जे म्हणालो ते बरोबर नव्हते. त्या खेळाडूने लाज वाटण्यासारखे काही केलेले नाही. या संघात कोण कोणावर प्रेम करतो यावरून कोणाची जागा ठरणार नाही, आणि त्यावरून कोणाची खिल्ली उडवलेली मी खपवून घेणार नाही.’’ आणि लगेच सराव सुरू करा. बोलून झाल्यावर कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटले ते शोधत बसू नका, आणि जो मुलगा गप्प आहे त्याला बाजूला घेऊन ‘तुला काही सांगायचे आहे का’ असे तर चुकूनही विचारू नका. गप्प मुले शंभर कारणांनी गप्प असतात.

यानंतरचे काम अधिक कंटाळवाणे आहे आणि तेच खरे आहे. फटका कमी पडला की ‘बायल्या’, टॅकल टाळला की ‘मुलीसारखा खेळू नकोस’, हे शब्द मैदानावर इतके सवयीचे असतात की म्हणणाऱ्यालाही आपण काही बोललो असे वाटत नाही. जात किंवा वर्ण काढून केलेली शिवी तुम्ही जशी थांबवत असाल, तशीच हीदेखील थांबवा, त्याच आवाजात आणि त्याच शिक्षेसह, आणि ती तुमच्या सर्वोत्तम स्ट्रायकरच्या तोंडून आली तरी. सहायक प्रशिक्षकाला यात बरोबर घ्या. तिच्या कानाला जे ऐकू येते ते तुमच्या कानाला सवयीने ऐकू येईनासे झाले असेल, तर ते तिने तुम्हाला सांगावे, असे तिला मोकळेपणाने म्हणा.

उद्या एखाद्या मुलाने खरोखरच येऊन सांगितले, तर आधी ऐका, आभार माना आणि आणखी कोणाला माहीत आहे ते विचारा. त्याच्या परवानगीवाचून ते कोणालाही सांगू नका, अगदी त्याच्या पालकांनाही नाही. घरी कळल्यावर काय होईल याचा अंदाज तुमच्यापेक्षा त्याला जास्त आहे. जॉन्सन यांनी दोघांना सांगितले खरे, पण ते प्रौढ खेळाडू होते, आणि शाळकरी वयाच्या मुलांच्या संघात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. अपवाद एकच : तो स्वतःला इजा करून घेईल किंवा त्याला कोणी इजा करत आहे अशी शंका आली, तर योग्य मदत आणावीच लागेल, आणि तसे त्याला आधी सांगून आणावी लागेल. त्याची खोली, त्याचे लॉकर, त्याची मैदानावरची जागा, यांतले काहीही त्याने मागितल्याशिवाय बदलू नका.

कपडे बदलण्याविषयी बोललेल्या त्या दोघा मुलांना शत्रू ठरवू नका. फेब्रुवारी 2007 मध्ये माजी बास्केटबॉलपटू जॉन अमेची याने आपण समलिंगी असल्याचे सांगितले, तेव्हा त्याच खेळातला टिम हार्डवे रेडिओवर म्हणाला की आपल्याला अशा लोकांचा तिरस्कार वाटतो. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने त्याला त्या वर्षीच्या ऑल-स्टार सोहळ्यातून, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या उत्सवातून, दूर ठेवले. त्याने माफी मागितली, आणि पुढची काही वर्षे शिकण्यात घालवून तो समलिंगी लोकांच्या हक्कांच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला. तो तर वयाने चाळिशीत होता. तुमची मुले पंधरा ते अठरा वर्षांची आहेत. त्यांच्या मनात काय असावे यावर तुमचा अधिकार चालत नाही आणि चालूही नये. कोणाच्या घरात, कोणाच्या धर्मात याविषयी वेगळे शिकवले गेले असेल. संघात कोणाशी कसे वागायचे, यावर मात्र तुमचा अधिकार पूर्ण चालतो.

तुम्हाला स्वतःला अजूनही अवघडल्यासारखे वाटत असेल तर ते लपवण्यासाठी त्या खेळाडूचे उसने कौतुक करू नका. त्याचा खेळ पूर्वी पाहत होता तसाच पाहा. तो चांगला खेळला तर मुलांना त्याची चाल समजावून सांगा. त्याने पेनल्टी वाया घालवली, तर जशी इतर कोणावर टीका कराल तशीच करा, ना अधिक ना उणी. अमेरिकेत मायकल सॅम हा महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या विभागाचा 2013 चा सर्वोत्तम बचावपटू म्हणून संयुक्तपणे निवडला गेला होता. समलिंगी असल्याचे जाहीर केल्यानंतर व्यावसायिक संघांनी 2014 मध्ये नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा क्रमांक लागला 249 वा, आणि व्यावसायिक लीगचा एकही नियमित सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो तेवढ्या कुवतीचा नव्हता, की त्याच्याभोवतीची गर्दी संघांना नकोशी झाली, यावर आजही वाद घालता येतो, आणि दुर्दैव हेच की त्याच्या खेळाविषयी निव्वळ खेळ म्हणून बोलणे त्यानंतर कोणालाच जमले नाही.

राहिले ते पालक. त्यांना टाळू नका, फोन करून भेटा. हा विषय तुम्ही मैदानावर आणलेला नाही, तो मुलांनी आणला, आणि मुले काय पाहतात यावर तुमचा ताबा नाही, हे त्यांना सांगा. तुम्ही कोणाला लैंगिकतेचे धडे देणार नाही, परंतु कोणत्याही मुलाचा अपमान होऊ देणार नाही, त्यांच्या मुलाचाही नाही, एवढे स्पष्ट सांगा. बहुतेक पालकांना यातला दुसरा भाग ऐकायचा असतो. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही, तर क्लबच्या पदाधिकाऱ्यांना सोबत घेऊन पुन्हा बसा. मात्र ती बैठक मुलांच्या कानांपासून दूर, सरावाची वेळ सोडून ठेवा.